काठ आधी, खोली नंतर
पासाऊ ते व्हिएन्ना, डॅन्यूबकाठाने एकट्याने सायकलवर निघणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग साधारण 325 किलोमीटरचा. बहुतेक सपाट, बहुतेक डांबरी आणि एकट्या माणसाला निर्धास्तपणे जाता येईल असा. आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांना एवढं माहीत असतंच, त्यामुळे मार्गाचं कौतुक इथे करत बसत नाही. हे पत्रक एका ठरावीक घोटाळ्यासाठी काढलं आहे. दर मोसमात तो होतो आणि झाला की चांगला चाललेला दिवस दोन-तीन तासांनी लांबतो.

फोन साधारण असा येतो: "हॉटेल मला समोर दिसतंय. नकाशा तीनशे मीटर दाखवतोय. पण मध्ये नदी आहे." तिथे संध्याकाळचे सात, पुण्यात रात्रीचे साडेदहा. शेवटची फेरीबोट निघून गेलेली असते आणि पूल बराच लांब. बरोबर कुणी असेल तर दोघांपैकी एकाच्या तरी हे आधी लक्षात येतं. एकट्या माणसाला सांगणारं कुणी नसतं.

घोटाळा होतो कसा

सायकलमार्ग नदीच्या दोन्ही काठांनी जातो आणि दोन्हीकडे नाव एकच: डोनाउराडवेग. फलकावर 'युरोवेलो 6' (युरोपातल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा क्रमांक) लिहिलेलं असतं, तेही दोन्हीकडे. म्हणजे फलक दिसला की आपण मार्गावर आहोत एवढं कळतं. बरोबर काठावर आहोत की नाही, ते कळत नाही. पुण्यात मुठेच्या या काठावरून त्या काठावर जायचं तर लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, सगळे हाकेच्या अंतरावर. पुलाचा विचार करायची आपल्याला सवयच नाही. डॅन्यूबवर वाखाऊच्या दरीत मेल्कच्या पुलापासून माउटर्नच्या पुलापर्यंत तीस-एक किलोमीटर एकही पूल नाही. गावं मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर आहेत.

दुसरं कारण फोनमधला नकाशा. काठ सोडून डोंगरावरून जाणारा रस्ता अंतराला कमी पडतो, म्हणून नकाशा तो सुचवतो. फेरीबोट बंद झाली आहे हे त्याला बऱ्याचदा ठाऊक नसतं. म्हणून आम्ही जीपीएक्स फाइल, म्हणजे आखून दिलेला मार्ग, देतो. ती फोनमध्ये उतरवून घ्या आणि ॲपमधला 'नवा मार्ग शोधा' हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर चहाला दोनशे मीटर आत गेल्यावरसुद्धा ॲप नवा रस्ता काढतं, आणि तो रस्ता आपल्याच काठावरून जाईल याची खात्री नसते.

तिसरं कारण शब्दांचं आहे. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो. तुम्ही फोटोसाठी मागे वळलात की तुमचा डावा हात बदलतो, नदीचा डावा काठ बदलत नाही. म्हणून आमच्या कागदांवर आम्ही 'उत्तर तट' आणि 'दक्षिण तट' लिहितो. नर्मदा परिक्रमेमुळे हे शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत आणि तिथल्या फलकांवरच्या 'नॉर्डउफर' आणि 'झ्युडउफर' यांचा अर्थही तोच. पासाऊहून व्हिएन्नाकडे जाताना उत्तर तट म्हणजे डावा, दक्षिण तट म्हणजे उजवा. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते. इथे सात दिवसांत किमान आठ वेळा ओलांडावी लागते, आणि आमच्या पत्रकाचा सगळा भर त्या जागांवर आहे.

एक सूचना: होकायंत्रावरून तट ठरवू नका. श्लोगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलट्या दिशेला वळते. त्या पट्ट्यात फोनचा बाण भलतीकडेच दाखवतो आणि लोक घाबरून मागे फिरतात. त्यापेक्षा काठावरचे नदी-किलोमीटरचे फलक बघा. हे आकडे डॅन्यूबच्या मुखापासून, म्हणजे काळ्या समुद्राकडून मोजलेले आहेत. पासाऊजवळ आकडा 2226 च्या आसपास असतो, व्हिएन्नात राइख्सब्रुके पुलाजवळ 1929. आकडा घटत असेल तर तुम्ही बरोबर दिशेला आहात. (या दोन आकड्यांतला फरक नदीची लांबी सांगतो. सायकलचा रस्ता त्याहून लांब पडतो, म्हणून रोजचं अंतर यावरून काढू नका.)

कोणत्या दिवशी कोणता तट

पहिला दिवस, पासाऊ ते श्लोगेन, 42 किलोमीटर. जुन्या गावातून लुइटपोल्ड झुलता पूल ओलांडून उत्तर तटावर या. ओबर्नत्सेलपर्यंत शेजारून मोटारींचा रस्ता आहे, तो आवाज सहन करावा लागतो. योखेनश्टाइनच्या धरणानंतर मात्र मोटारी जवळजवळ संपतात आणि एका बाजूला झाडी, एका बाजूला पाणी, असा सगळ्या प्रवासातला सर्वांत शांत पट्टा सुरू होतो. योखेनश्टाइनला वीजकेंद्रावरून नदी ओलांडता येते, पण तिथे जिने आहेत आणि सायकल चढवावी लागते. आमच्या मार्गाने जाणाऱ्यांना तिथे ओलांडायची गरज नाही.

आता मुख्य जागा. उत्तर तटावरचा सायकलमार्ग आऊ इथे संपतो. पुढे ग्राफेनाऊपर्यंत डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि काठाने सायकलला वाट नाही. आऊहून दोन होड्या मिळतात: एक नदी ओलांडून समोर दक्षिण तटावर श्लोगेनला नेते, दुसरी नदीतूनच पुढे ग्राफेनाऊला, म्हणजे पुन्हा उत्तर तटावर. ग्राहक धक्क्यावर जी होडी आधी येईल तिच्यात बसतात. ग्राफेनाऊला उतरलात की श्लोगेनची खोली मागे आणि पलीकडे राहते. आमची खोली दक्षिण तटावर आहे, तेव्हा चढण्याआधी नावाड्याला एकच शब्द विचारा: "श्लोगेन?" त्याने मान डोलावली की मगच सायकल आत घ्या.

आऊला पोचायला उशीर होणार असं वाटलं तर आधीच नीडररान्नाच्या पुलावरून दक्षिण तटावर जा आणि वेझेनउफरमार्गे श्लोगेन गाठा. ही वाट कमी सुंदर आहे, पण तिला वेळापत्रक नाही. निर्णयाची वेळ आमच्या पत्रकावर ठळक छापलेली असते: दुपारी साडेचारला तुम्ही पुलाच्या अलीकडे असाल तर पूल धरा.

दुसरा दिवस, श्लोगेन ते लिंत्स, 52 किलोमीटर. सकाळी आधी श्लोगेनच्या वरच्या दर्शनस्थळावर जाऊन या. अर्ध्या-पाऊण तासाची चढण आहे आणि नदीचा पूर्ण वळसा फक्त तिथूनच दिसतो. सायकल खाली कुलूप लावून ठेवा. मग इन्त्सेलवरून आशाखपर्यंत आणि पुढे विल्हेरिंगपर्यंत दक्षिण तट. विल्हेरिंगहून फेरीबोटीने ओटेन्सहाइमला, उत्तर तटावर. लिंत्समध्ये निबेलुंगेन पुलावरून परत दक्षिणेला. खोली तिथे आहे. ओटेन्सहाइम ते लिंत्स हा पट्टा मोठ्या रस्त्याला लागून आहे. तो सुंदर नाही, तो लवकर संपवा.

तिसरा दिवस, ग्राइनपर्यंत 62 किलोमीटर. निबेलुंगेन पुलावरून परत उत्तर तटावर या आणि पूर्ण दिवस तोच धरा. वाटेत माउटहाउझेन. 1938 ते 1945 या काळात इथे नाझींची छळछावणी होती. आज तिथे स्मारक आहे. ते गावात नाही, वर टेकडीवर आहे, चढ खरा आहे आणि बघायला किमान दोन तास हवेत. छावणीच्या दगडखाणीतल्या 186 पायऱ्या बघून लगेच पुढचे तीस किलोमीटर मारणं जमत नाही, पायांनाही आणि मनालाही. ज्यांना स्मारक बघायचं आहे त्यांना आम्ही माउटहाउझेन गावात एक रात्र वाढवून देतो. बुकिंगच्या वेळी सांगा. ऐन मोसमात तिथे आयत्या वेळी एकट्याची खोली मिळत नाही.

चौथा दिवस, मेल्कपर्यंत 50 किलोमीटर. ग्राइन उत्तर तटावर आहे आणि त्याच तटावरून मोठा रस्ता पुढे जातो. शांत रस्ता समोर, दक्षिणेला. गावातून सायकलवाल्यांची होडी मोसमात चालते. ती नसेल तर काही किलोमीटर मागे पूल आहे. मागे जावं लागतं म्हणून पुष्कळ जण नाराज होतात आणि उत्तर तटानेच पुढे निघतात. तसं करू नका. त्या दरीतला हा सर्वांत देखणा भाग आहे, तो ट्रकच्या शेजारून काढण्यात अर्थ नाही. इब्सला सायकलींचं संग्रहालय आहे. मेल्क दक्षिण तटावरच आहे, त्यामुळे त्या दिवशी पुन्हा ओलांडायची गरज नाही.

पाचवा दिवस, मेल्क ते क्रेम्स, फक्त 36 किलोमीटर. "एवढं कमी का ठेवलं, दोन दिवस एकात करा," असं आम्हाला सतत सांगितलं जातं. आम्ही करत नाही, आणि त्याचं कारण आहे. मेल्कचा मठ बघायला सकाळचे दोन-अडीच तास जातात. 1702 ते 1736 मध्ये याकोब प्रांटाउअरच्या आराखड्याने उभी राहिलेली ती इमारत धावत बघायची नाही. पुढचा वाखाऊचा पट्टा 2000 सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. जुलैत इथे जर्दाळू उतरतात आणि रस्त्याकडेला टेबल टाकून विकायला ठेवलेले असतात. शंभर किलोमीटरचा दिवस आखलेला माणूस तिथे थांबत नाही.

या दिवशी तट निवडायची मोकळीक आम्ही तुम्हाला देतो. उत्तर तटावर गावं आहेत: श्पित्स, वाइसेनकिर्खेन, ड्युर्नश्टाइन. दगडी फरसबंदी, थोडे चढउतार आणि माणसं. दक्षिण तट सपाट आणि निवांत. आमचा सल्ला असा की मेल्कच्या पुलावरून उत्तरेला एमर्सडॉर्फला जा, वाइसेनकिर्खेनपर्यंत गावं बघा, तिथून फेरीबोटीने सांक्ट लोरेन्त्सला या आणि रोसात्सपर्यंत दक्षिण तटाने जा. ड्युर्नश्टाइनचा निळा मनोरा आणि वरचा पडका किल्ला, जिथे 1192 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता, हे दोन्ही एकत्र समोरच्या काठावरूनच नीट दिसतात. मग माउटर्नच्या पुलावरून क्रेम्स.

सहावा दिवस, टुल्नपर्यंत 45 किलोमीटर: आल्टेनवर्थच्या वीजकेंद्रापर्यंत उत्तर तट, तिथे ओलांडून दक्षिण. वाटेत ट्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीजकेंद्र दिसतं. ते बांधून पूर्ण झालं, पण नोव्हेंबर 1978 च्या जनमतात लोकांनी थोडक्या मतांनी नकार दिला आणि ते कधी सुरूच झालं नाही.

सातवा दिवस, 38 किलोमीटर, पूर्ण दक्षिण तट: क्लोस्टरनॉयबुर्गचा मठ, मग नुसडॉर्फ. इथे बंधाऱ्यावर काशाचे दोन मोठे सिंह आहेत, वास्तुकार ओटो वाग्नरच्या बंधाऱ्याचे. तिथून डॅन्यूबचा कालवा फुटतो. नदी सोडा, कालव्याची वाट धरा. ती थेट जुन्या शहराच्या कडेला, श्वेडनप्लात्सला नेते. नदीबरोबरच पुढे गेलात तर जुनं शहर बाजूला राहतं.

खोली समोरच्या काठावर स्वस्त मिळते, मग तुम्ही ती का देत नाही?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि तो रास्त आहे. समोरच्या तटावर पंधरा-वीस युरोंनी स्वस्त खोली खरोखरच असते. पण तुमचं सामान नेणारी गाडी ठरलेल्या तटाने जाते. खोली पलीकडे असेल तर गाडीला पुलापर्यंत वळसा पडतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. शिवाय तुम्हाला संध्याकाळी एक आणि सकाळी एक, असं दोनदा ओलांडावं लागतं. वाचलेले पैसे तिथेच जातात. म्हणून आम्ही आधी तट पक्का करतो, मग खोली. निघायच्या एकवीस दिवस आधीपर्यंत खोली बदलून देतो. त्यानंतर नाही, कारण तोपर्यंत सामानाची यादी वाहतूकदाराकडे गेलेली असते.

एकट्याच्या खोलीचा दर दोघांच्या खोलीच्या निम्मा नसतो. हॉटेलवाले खोलीचे पैसे घेतात, माणसाचे नाही. आम्ही यावर वर काही लावत नाही. हॉटेलचं बिल हवं असेल तर दाखवतो.

फेरीबोटी

वाखाऊतल्या मोठ्या फेरीबोटींना इंजिन नाही. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. नदीवर आडवी पोलादी तार ताणलेली असते, बोट तिला बांधलेली असते आणि सुकाणू तिरकं धरलं की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. ओटेन्सहाइमची बोटही अशीच. म्हणून पाणी फार चढलं की ती बंद होते आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

सुटे पैसे ठेवा: वीस युरो, नाण्यांत आणि पाचाच्या नोटांत. छोट्या होडीवर कार्ड चालेलच असं नाही. बोट पलीकडे असेल तर धक्क्यावर उभं राहून हात करा. काही ठिकाणी घंटा असते, ती वाजवा. सायकल मागे धरून चढा, उतारावर ब्रेक दाबून ठेवा. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच्या फलकावर असते आणि महिन्यागणिक बदलते. बऱ्याच छोट्या होड्या मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात चालतात. एप्रिल किंवा ऑक्टोबरसाठी आम्ही वेगळं पत्रक देतो, फक्त पुलांवरून जाणारं.

पुराचं पाणी गंभीरपणे घ्या. पासाऊच्या नगरपालिकेच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. 3 जून 2013 ला तिथे पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं होतं. सप्टेंबर 2024 मध्येही व्हिएन्नाच्या वरच्या भागात मोठा पूर आला. असं झालं तर आम्ही तुम्हाला रेल्वेने पुढच्या मुक्कामी नेतो. तिकिटाचा खर्च आमचा.

सायकल हातात घेतल्यावर पहिली दहा मिनिटं

पासाऊत सायकल मिळाल्यावर लगेच निघू नका. रिकाम्या जागेत चार फेऱ्या मारा. तिथल्या सायकलींवर डाव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. घाईत तोच जोरात दाबला तर माणूस पुढे फेकला जातो. सात गिअरच्या साध्या सायकलींना उलट पॅडलचा ब्रेक असतो: पॅडल मागे फिरवलं की मागचं चाक अडतं. सुटताना पॅडल मागे फिरवून पाय जमवायची आपली सवय तिथे चालत नाही. थांबतानाच उजवं पॅडल वर येईल असं थांबा. हा प्रकार नको असेल तर हातब्रेकची 21 किंवा 24 गिअरची सायकल मागा, पैसे तेवढेच.

हवा टायरच्या बाजूला लिहिलेली असते. रुंद टायरला साधारण 3.5 ते 4 बार, म्हणजे आपल्या हिशेबाने 50 ते 58 पीएसआय. ट्यूब, दोन टायर-लिव्हर, पंप आणि पंक्चर-किट आम्ही देतो. निघण्याआधी दिलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि चाकावरचा व्हॉल्व्ह एकाच प्रकारचे आहेत का, ते बघा. नसतील तर तिथेच बदलून घ्या.

रस्त्याची उजवी बाजू. मार्गावर सवय लवकर होते; विसर पडतो तो जेवून निघताना आणि वर्तुळाकार चौकात.

तयारीसाठी सिंहगड चढायची गरज नाही. सपाट रस्त्यावर, मागे सहा किलो लावून, सलग तीन रविवार पन्नास किलोमीटर करा. इथे बैठकीची परीक्षा असते, दमाची नव्हे. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी विजेवरची सायकल घ्यावी, लाजू नये.

बाकीचं

व्हिसा ऑस्ट्रियाचा काढा. विमान म्युनिकला उतरलं आणि पहिली रात्र जर्मनीत पासाऊला असली, तरी सात रात्री ऑस्ट्रियात आहेत, आणि जास्त रात्री जिथे तिथला अर्ज. हॉटेलांची पत्रं आम्ही तारखेप्रमाणे लावून देतो. विमा किमान 30,000 युरोंचा.

बॅग एकच, वीस किलोपर्यंत, सकाळी साडेआठला खाली काउंटरपाशी. पासपोर्ट, औषधं आणि चार्जर त्या बॅगेत ठेवू नका. तूप, पेढे, पनीर घेऊन जाऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतात. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरा बिनधास्त न्या. शाकाहारींनी सूप मागण्याआधी विचारावं, साधं दिसणारं सूपही बऱ्याचदा गाईच्या मटणाच्या पाण्यात केलेलं असतं. केझश्पेत्सले, म्हणजे चीजमधल्या घरगुती शेवया, जवळजवळ सगळीकडे मिळतात; वर खारवलेल्या मांसाचे तुकडे नकोत, एवढं सांगा. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळी पाव, फळं घेऊन ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

व्हिएन्नात सायकल सातव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत परत करायची. ग्राबेन आणि केर्न्टनर श्ट्रासे पायी चालणाऱ्यांचे रस्ते आहेत, तिथे उतरून सायकल ढकलत न्या. आठव्या दिवशीही सायकल हवी असेल तर क्रेम्सहून निघायच्या आधी कळवा. दुकानाला दुसऱ्या ग्राहकासाठी ती धुऊन तयार करायची असते, आणि व्हिएन्नाला पोचल्यावर कळवलं तर आम्हाला 'नाही' म्हणावं लागतं.